चाकांवरच्या घरातील पाणी: कॅरव्हॅन आणि मोटरहोममधील पाइप व जोड यांची दुरुस्ती

कॅरव्हॅनमधील गळती थांबवण्यासाठी बोलावलेला कारागीर बहुतेक वेळा गळणारा जोड काढतो, त्या जागी नवा बसवतो आणि निघून जातो. काही महिन्यांनी तोच जोड पुन्हा ओला दिसू लागतो. यात त्याच्या कौशल्याचा दोष असतोच असे नाही. घरातला पाइप भिंतीत गाडलेला असतो, तो जागचा हलत नाही, त्यामुळे जोडाने पाणी अडवले की काम झाले. गाडीतला पाइप मात्र प्रत्येक गतिरोधकावर उसळतो, घाटातील वळणांवर बाजूला सरकतो, उन्हात लांबतो आणि रात्री आखडतो, आणि ही सगळी हालचाल शेवटी पाइपच्या रेषेतील सर्वांत ताठ जागी, म्हणजे जोडावर, येऊन थांबते. १२ व्होल्टवर चालणाऱ्या पंपाचा दाब फार तर ३ ते ४ बार (बार हे दाबाचे एकक) असतो आणि तेवढा दाब कोणताही बरा पाइप सहज पेलतो. म्हणून गाडीत दुरुस्ती करताना ‘पाणी कुठून येते’ याच्या जोडीला ‘या जोडावर ताण कशाचा येतो’ हेही शोधावे लागते, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पहिल्याची दुरुस्ती पक्की झाली असे समजू नये.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांचे मोटरहोममध्ये रूपांतर करून घेण्याकडे आपल्याकडे अधिक लोकांचे लक्ष गेले आहे. अशा गाड्यांतील नळकाम पुष्कळदा घरगुती प्लंबरने घरगुती सामान वापरून केलेले असते. ब्रिटन आणि युरोपातील गाड्यांत वेगळी पद्धत असते आणि तिकडे राहणाऱ्या किंवा तिकडे गाडी भाड्याने घेणाऱ्या मराठी मंडळींना तिच्याशी गाठ पडते. पुढील विवेचनात मुख्य भर इथल्या गाड्यांवर आहे. परदेशी पद्धत जिथे वेगळी पडते तिथे तसे सांगितले आहे.

आधी आपली रचना ओळखावी

पंपाचे दोन प्रकार आढळतात. पहिला डायफ्रॅम पंप: तो टाकीच्या बाहेर असतो, नळ उघडला की रेषेतला दाब उतरतो, पंपातील दाब-स्विच तो ओळखतो आणि पंप आपोआप सुरू होतो. नळ बंद असतानाही या रचनेत पाइप दाबाखाली असतो. दुसरा टाकीत बुडवलेला छोटा पंप: त्याला चालू करणारा मायक्रोस्विच नळाच्याच आत असतो, आणि नळ बंद असताना रेषेत फारसा दाब राहत नाही. युरोपीय कॅरव्हॅनांत हा दुसरा प्रकार बराच वापरला जातो. हा भेद आधी करून घ्यावा, कारण पहिल्या प्रकारात सूक्ष्म गळती रात्रभर चालू राहते, तर दुसऱ्यात ती केवळ नळ वापरताना होते आणि म्हणून कित्येक आठवडे लक्षात येत नाही.

पाइपचे प्रकार अधिक आहेत. इथल्या गाड्यांत सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेला सीपीव्हीसी (ताठ प्लास्टिकचा पाइप), होज क्लिपने आवळलेला ब्रेडेड नरम पाइप आणि अलीकडे काही ठिकाणी पेक्स (लवचिक प्लास्टिकचा पाइप) दिसतो. ब्रिटिश कॅरव्हॅनांत १२ मिमी बाह्य व्यासाचा अर्धताठ प्लास्टिक पाइप व त्याचे पुश-फिट, म्हणजे ढकलून बसवायचे, जोड असतात, गरम पाण्याचा लाल आणि थंड पाण्याचा निळा. युरोपच्या मुख्य भूमीवरील बऱ्याच गाड्यांत १० मिमी आतील व्यासाची नरम नळी आणि क्लिप असते. अमेरिकेत जुनी गाडी घेणाऱ्यांनी राखाडी रंगाचा पाइप दिसल्यास सावध व्हावे; तो पॉलिब्युटिलीन असण्याची शक्यता असते. १९७८ ते १९९५ या काळात तो तिकडच्या घरांत आणि गाड्यांत सर्रास वापरला गेला आणि त्याच्या व त्याच्या जोडांच्या गळतीवरून मोठे दावे चालले. त्याचा एक जोड बदलत बसण्यापेक्षा सगळी रेषा पेक्सची करून घेणे शहाणपणाचे.

मापांचा घोळ हा या कामातील सर्वांत खर्चिक घोळ आहे. आपल्याकडे १५ मिमी म्हणून मिळणाऱ्या सीपीव्हीसी पाइपचा बाह्य व्यास प्रत्यक्षात १५.९ मिमी असतो, तर युरोपीय १५ मिमी पाइप खरोखर १५ मिमीच असतो. अर्धा इंच बाह्य व्यासाचा पाइप १२.७ मिमी भरतो, १२ मिमी नव्हे. घरातील आरओ यंत्राच्या मागे जे ढकलून बसवायचे जोड असतात त्यांची रचना कॅरव्हॅनमधील पुश-फिट जोडांसारखीच असते, परंतु त्यांचे पाइप पाव इंच आणि तीन अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ६.३५ आणि ९.५ मिमी, त्यामुळे ते इथे उपयोगी पडत नाहीत. किंचित बारीक पाइप मोठ्या जोडात सहज शिरतो, हाताला घट्टही लागतो, आणि दाब आल्यावर गळतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दुकानात जाताना जुना तुकडा सोबत न्यावा आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्यावा.

आट्यांचेही तसेच. आपल्याकडील व ब्रिटनमधील नळाचे आटे बीएसपी पद्धतीचे, अमेरिकी सामानाचे एनपीटी पद्धतीचे. अर्ध्या इंचाच्या मापात दोन्हींत इंचाला १४ आटेच असतात, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे छान बसतो. मात्र आट्यांचा कोन एकात ५५ अंश आणि दुसऱ्यात ६० अंश असल्याने तो पुढे अडतो आणि कितीही टेप गुंडाळली तरी भरवशाचा होत नाही. आयात केलेला पंप बसवलेला असेल आणि त्याच्या तोंडाशीच गळत असेल, तर पहिला संशय यावर घ्यावा.

गळती शोधणे

पाणी जिथे दिसते तिथे ते गळत असतेच असे नाही. गाडीचा तळ सपाट नसतो, ती उभी केलेली जागाही क्वचितच समपातळीत असते, आणि प्लायवूडच्या खालून वाहणारे पाणी दोन-दोन मीटर दूर जाऊन पहिल्या फटीतून वर येते. म्हणून ओली झालेली फळी उचकटण्याआधी पंपाचे ऐकावे. डायफ्रॅम पंप असेल तर सगळे नळ घट्ट बंद करून, पंप चालू ठेवून, गाडीतील पंखे आणि फ्रिज बंद करून शांत बसावे. पंप दर काही मिनिटांनी क्षणभर घुरघुरून थांबत असेल तर रेषेतला दाब कुठेतरी उतरतो आहे. तो बाहेर उतरतो की मागे, हे ठरवण्यासाठी पंपानंतर बॉल व्हॉल्व्ह असल्यास तो बंद करावा. व्हॉल्व्ह बंद असतानाही पंप अधूनमधून चालू झाला, तर दोष पुढच्या पाइपात नाही. पंपाच्या आतील झडपेत वाळूचा कण किंवा क्षाराचा थर अडकून पाणी टाकीत परत जात असावे, किंवा पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला जोड गळत असावा. व्हॉल्व्ह बंद केल्यावर पंप शांत राहिला, तर गळती त्याच्या पुढे आहे. असा व्हॉल्व्ह नसेल तर या दुरुस्तीच्या निमित्ताने तो बसवून घ्यावा. पुढची प्रत्येक तपासणी त्यामुळे निम्म्या वेळात होते.

टाकीपासून पंपापर्यंतच्या भागाची गंमत निराळी आहे. तिथे पंप पाणी ओढत असतो, त्यामुळे ढिला जोड पाणी बाहेर सोडण्याऐवजी हवा आत घेतो. नळातून पाणी फुत्कारत, थुंकत येणे, टाकी भरलेली असूनही पंप न थांबणे, ही त्याची लक्षणे. अशा वेळी कोरडा दिसतो म्हणून तो जोड निर्दोष समजण्याची चूक अनेक जण करतात. पंपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीच्या पारदर्शक वाटीत बुडबुडे पळताना दिसले तर वाटीची ओ-रिंग, तिच्या अलीकडची क्लिप आणि टाकीचा जोड या क्रमाने पाहावे. टाकीत बुडवलेल्या पंपात मात्र हवा अडकून बसणे नेहमीचेच असते आणि पंप पाण्याखालीच दोन-चार वेळा हलवला की ती सुटते. त्यासाठी काहीही उघडावे लागत नाही.

बाहेर पडणारी गळती शोधायला वर्तमानपत्राच्या कागदासारखे साधन नाही. प्रत्येक जोड जुन्या सुती कपड्याने पूर्ण कोरडा करावा, त्याच्याभोवती कागदाची दोन बोटे रुंद पट्टी सैल गुंडाळावी, पंप चालू करावा आणि अर्ध्या तासाने पाहावे. एक थेंबदेखील त्या कागदावर गडद डाग उमटवतो आणि डागाची वरची कड थेंब कुठून आला ते दाखवते. थंड पाण्याच्या पाइपवर दमट हवेत बाहेरून दव धरते, विशेषतः पावसाळ्यात कोकणात. त्यामुळे डाग जोडापाशीच आहे की सगळ्या पाइपभर, हे पाहून मगच निष्कर्ष काढावा. गरम पाण्याची रेषा थंड असताना आणि तापलेली असताना अशी दोनदा तपासावी, कारण काही जोड केवळ तापल्यावरच सुटतात.

पाइप फळीआड असेल आणि फळी काढणे जिकिरीचे असेल, तर रेषा रिकामी करून तीत हवा भरून पाहता येते. त्यासाठी दाबमापक असलेला सायकलचा पायपंप पुरतो. पाणी तापवण्याचे यंत्र आधी रेषेतून वेगळे करावे आणि दाब १ बारच्या, म्हणजे सुमारे १५ पीएसआयच्या, पुढे नेऊ नये; दाबलेल्या हवेने फुटलेला प्लास्टिकचा जोड गोळीसारखा उडतो, आणि म्हणून टायरवाल्याचा कॉम्प्रेसर या कामाला लावू नये. जिथे सुस्कारा ऐकू येईल तिथे साबणाचे पाणी लावले की बुडबुडा जागा सांगतो.

हात घालण्यापूर्वी

पंपाचा फ्यूज काढावा, इन्व्हर्टर आणि बाहेरून घेतलेली २३० व्होल्टची जोडणी बंद करावी, पाणी तापवणारे यंत्र बंद करून ते निवू द्यावे, सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा असे दोन्ही नळ उघडून दाब उतरवावा. टाकी पूर्ण रिकामी करण्याची गरज दर वेळी नसते, पण काम टाकीच्या पातळीखाली असेल तर पर्याय नाही. पाइपचा मार्ग मोबाइलने टिपून ठेवावा. बंद करताना त्या छायाचित्रांचा जो उपयोग होतो तो स्मरणशक्तीचा होत नाही.

पुश-फिट जोड

या जोडाच्या तोंडाशी एक सरकती कडी असते, तिला कॉलेट म्हणतात. तिच्या आतल्या अंगाला पोलादी दाते असतात, आणि त्यांच्या मागे ओ-रिंग. दाते पाइप धरतात, ओ-रिंग पाणी धरते. जोड सोडवताना कॉलेट सर्व बाजूंनी सारखी, सरळ जोडाकडे दाबायची आणि तशीच दाबून ठेवत पाइप सरळ ओढायचा. एकाच बाजूने दाबली तर दाते पाइपवर ओरखडे काढतात.

गळतीचे कारण बहुतेक वेळा पाइपच्या त्या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये सापडते. पाइप उजेडात धरून हळूहळू फिरवावा आणि नखाने चाचपावा: लांबीच्या दिशेने गेलेला केसाएवढा चरा असेल तर ओ-रिंग तो भरू शकत नाही आणि पाणी त्या वाटेने येत राहते. असा भाग कापून टाकावा. कापण्यासाठी प्लास्टिक पाइपचा कटरच वापरावा; करवतीने कापलेल्या पाइपच्या कडेला राहिलेली खरबरीत धार नव्या ओ-रिंगला पहिल्याच ढकलण्यात कातरते. काप काटकोनात असावा, बाहेरची कड बारीक पॉलिश पेपरने गोलसर करावी, आणि पाइप भिंतीने पातळ असेल, विशेषतः गरम पाण्याचा, तर त्याच्या तोंडात बसवायची आधारनळी घालावी. मग जोडाची खोली मोजून पाइपवर तेवढ्या अंतरावर पेनाने खूण करावी. ओ-रिंगला स्वच्छ पाणी लावावे, फार तर खाद्य-दर्जाचे सिलिकॉन ग्रीस. खोबरेल, व्हॅसलीन किंवा इंजिनचे ग्रीस लावू नये, कारण पाण्याच्या जोडांतील रबर तेलाने फुगू शकते.

पाइप ढकलताना प्रथम एक अडथळा लागतो आणि हात तिथेच थांबतो. ती ओ-रिंग असते, तळ नव्हे. पुढे जोर देऊन पाइप खुणेपर्यंत गेला पाहिजे. त्यानंतर तो जोराने मागे ओढून पाहावा. दाते त्याच क्षणी रुततात. शेवटी कॉलेटखाली अडकवण्याची छोटी चाप बसवावी. घरात ती नसली तरी चालते, गाडीत चालत नाही, कारण हादऱ्यांनी कॉलेट आत दाबली जाऊन पाइप सुटल्याची उदाहरणे घडतात. कापल्यामुळे पाइप तोकडा पडत असेल तर तो ताणून बसवू नये. मध्ये एक सरळ जोड आणि नवा तुकडा घालावा. ताणून बसवलेला पाइप जोडावर कायमचा भार ठेवतो आणि दुरुस्ती निष्फळ ठरवतो.

नरम नळी आणि क्लिप

जुन्या नळीचे टोक नोझलवर बसून बसून कडक झालेले असते. क्लिप आणखी आवळून त्यावर इलाज होत नाही, उलट क्लिपची धार नळी कापते. कडक झालेले टोक तीन-चार सेंटिमीटर कापून टाकावे, नवे टोक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवावे आणि ते मऊ असतानाच नोझलच्या सर्व खाचांवरून पुरते सरकवावे. लायटरने तापवल्यास पीव्हीसी एका बाजूने जळतो आणि तिथे पातळ होतो. क्लिप नळीच्या कडेपासून चार-पाच मिमी आत आणि नोझलच्या उंचवट्याच्या मागे यावी. ती नळीचे रबर कडेने किंचित वर येईपर्यंतच आवळावी आणि दोन दिवसांनी पुन्हा एकदा पाहावी, कारण नळी दबून बसते. पट्टीला आरपार खाचा असलेल्या स्वस्त क्लिपांपेक्षा आतून गुळगुळीत असलेल्या स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा घ्याव्यात. पंपाच्या ओढीकडील नळी तारेची किंवा जाड भिंतीची हवी. साधी नळी उन्हाळ्यात मऊ होऊन आत दबते आणि पाणी येत नाही म्हणून पंपाला उगाच दोष मिळतो. नवी नळी पिण्याच्या पाण्याच्या दर्जाची असल्याची खात्री करून घ्यावी, बागेची नळी नको. पारदर्शक नळीत उजेडाने शेवाळ धरते.

सीपीव्हीसी

गाडीत सीपीव्हीसी वापरावा का, यावर मतभेद आहेत. माझे मत असे की, तो सरळ आणि पक्क्या आधारावरील भागात वापरायला हरकत नाही, पण टाकी, पंप, गीझर आणि नळ यांना तो थेट जोडणे हीच गळतीची सुरुवात असते. पंप चालताना थरथरतो, टाकी भरली की फुगते आणि ब्रेक लागला की तिच्यातले पाणी पुढे आदळते. ताठ पाइपला यातले काहीच सोसवत नाही आणि एल्बोच्या, म्हणजे काटकोनी जोडाच्या, मानेवर बारीक तडा जातो.

चिकटवलेला जोड गळू लागला तर वरून सिमेंट फासण्यात अर्थ नाही. तो जोड दोन्हीकडून कापून पूर्ण काढावा. उरलेल्या टोकांवर किमान जोडाच्या खोलीएवढा स्वच्छ पाइप शिल्लक हवा. काटकोनात काप, आतली-बाहेरची कड साफ, मग कोरडी जुळवणी करून खूण. सॉल्व्हंट सिमेंट सीपीव्हीसीसाठीचेच असावे, साध्या पीव्हीसीचे चालत नाही, आणि डब्यातील सिमेंट दाट लापशीसारखे झाले असेल तर ते फेकावे. पाइप आणि जोड दोन्हीकडे पातळ थर, ढकलताना पाव फेरा, आणि निदान अर्धा मिनिट हाताने धरून ठेवणे, कारण जोड स्वतःहून मागे सरकतो. डब्यावर दिलेली वाळण्याची वेळ पावसाळी हवेत अपुरी पडते. शक्य असेल तर रात्रभर दाब देऊ नये आणि गाडीही हलवू नये. या सिमेंटची वाफ ज्वालाग्राही असते. काम चालू असताना दारे-खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद हवी.

चारही ठिकाणी, म्हणजे टाकी, पंप, गीझर आणि नळ यांच्यापाशी, सीपीव्हीसीचा शेवट पितळी आट्यांच्या अडॅप्टरने करावा आणि पुढे वीस-तीस सेंटिमीटरचा ब्रेडेड कनेक्शन पाइप द्यावा. घरातल्या वॉश बेसिनखाली असतो तोच. इथल्या गाड्यांत मूळ रचना न बदलता करता येण्याजोगी यापेक्षा उपयुक्त सुधारणा मला माहीत नाही.

आट्यांचे जोड, टाकी आणि नळ

टेफ्लॉन टेप सगळीकडे गुंडाळायची नसते. जिथे आटे स्वतः पाणी अडवतात तिथे ती लागते. जिथे चपटे रबरी वॉशर किंवा ओ-रिंग पाणी अडवते, जसे कनेक्शन पाइपच्या नटात, तिथे टेपमुळे वॉशर पुरते दबत नाही आणि नेमकी गळती सुरू होते. टेप आटे आवळण्याच्या दिशेने, पाच-सहा वेढे, पहिला आटा मोकळा सोडून. प्लास्टिकच्या आट्यांवर सुतळी-सफेदा वापरू नये. तो लोखंडी पाइपांचा उपाय आहे आणि प्लास्टिकचा सॉकेट त्याने फाटतो. प्लास्टिकचा नट हाताने घट्ट आणि मग पान्याने पाव फेरा, इतकेच.

टाकीच्या जोडात वॉशर कुठल्या बाजूला आहे ते उघडल्यावर लगेच पाहावे. ते पाण्याच्या बाजूला, टाकीच्या सपाट भिंतीवर बसले पाहिजे. छिद्राभोवती ड्रिलचा काठ वर आलेला असेल तर धारदार पात्याने तो तासून सपाट करावा. पॉलिथिलीनच्या टाकीला तडा गेल्यास एम-सील, अॅरल्डाइट किंवा सिलिकॉन यांपैकी काहीही टिकत नाही, कारण त्या प्लास्टिकला चिकटणारा पदार्थ जवळपास नाहीच. एक तर प्लास्टिक वेल्डिंग, नाहीतर आतून-बाहेरून रबर आणि पट्टी लावून बोल्टने आवळणे. तडा जोडापासून निघाला असेल तर टाकी खालून नीट टेकलेली आहे का, हे आधी पाहावे.

नळांविषयी थोडक्यात: थेंब थेंब पडत असेल तर आतले कार्ट्रिज बदलावे आणि बदलण्यापूर्वी त्याखाली अडकलेला कण काढून पाहावा. मायक्रोस्विच असलेला युरोपीय नळ बंद करूनही पंप चालू राहत असेल, तर स्विचमध्ये पाणी शिरले आहे. पंपाचा मुख्य स्विच बंद ठेवून नळ वाळू द्यावा आणि पुढच्या संधीला स्विच बदलावा. सांडपाण्याच्या रेषेला दाब नसतो, उतार महत्त्वाचा. लांबीच्या चाळीस भागांना एक भाग उतार आणि आतून गुळगुळीत पाइप, कारण घड्यांच्या पाइपमध्ये तेलकट गाळ बसतो.

पाइपला आधार

गळलेला जोड दुरुस्त झाल्यावर त्याच पाइपवरून दोन्ही दिशांना हात फिरवत जावे. जिथे पाइप लाकडाला किंवा पत्र्याला घासतो तिथे हाताला काळी किंवा पांढरी बारीक भुकटी लागते; ती पाइपचीच असते. पत्र्यातून पाइप जातो तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्राच्या कडेला बसणारी कडी, हवे, आणि ते नसेल तर जुनी नळी लांबीत चिरून पाइपवर चढवली तरी चालते. नरम व अर्धताठ पाइप दर तीस-चाळीस सेंटिमीटरवर आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा सेंटिमीटरच्या आत धरलेला असावा. रबर लावलेल्या क्लिपा घ्याव्यात; प्लास्टिकचे बारीक टाय करकचून बांधले तर तेच पाइप कापतात. पंप रबरी पायांवर बसवलेला असावा आणि त्या पायांचे स्क्रू इतके आवळू नयेत की रबर दबून ताठ होईल. वळणाच्या जागी पाइप बळेच वाकवलेला दिसला तर तिथे एल्बो घालावा किंवा वळण मोठे करावे.

बाहेरून येणाऱ्या पाण्याचा दाब

पाण्याच्या स्तंभाची उंची १० मीटर असली की दाब सुमारे १ बार होतो. बंगल्याच्या गच्चीवरील टाकीचे पाणी गाडीला थेट जोडले तर अर्धा-पाऊण बारही मिळत नाही आणि काही बिघडत नाही. दहा मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीतून खाली उभ्या गाडीला मात्र जवळपास ३ बार मिळतात, आणि सोसायटीत बूस्टर पंप असेल तर त्याहून जास्त. युरोपीय गाड्यांतील ट्रुमा कंपनीच्या, पाणी तापवणाऱ्या बॉयलरची मर्यादा २.८ बार दिलेली असते. त्यामुळे बाहेरचे पाणी शक्यतो टाकीत भरावे. थेट जोडायचेच असेल तर दाब कमी करणारा रेग्युलेटर गाडीकडे नव्हे, बाहेरच्या नळाकडे लावावा, म्हणजे नळीही वाचते. ओघाने एक सांगणे आवश्यक आहे: दुरुस्तीच्या वेळी गरम पाण्याची रेषा बदलताना घरगुती गॅस गीझर गाडीत बसवण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नये, बंद जागेत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

थंडी

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि ते रोखण्याची ताकद कोणत्याही जोडात नसते. लडाख, स्पिती किंवा युरोपातील हिवाळा गाठणार असाल तर केवळ टाकी रिकामी करून भागत नाही; पंपाचे डोके, गाळणीची वाटी, शॉवरची लोंबती नळी आणि मिक्सर नळ यांत पाणी उरते. सगळे नळ मधल्या स्थितीत, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही बाजूंना मोकळे, उघडे ठेवावेत आणि पंप क्षणभर कोरडा चालवून बंद करावा. ट्रुमाच्या बॉयलरला जोडलेला थंडी-रक्षक व्हॉल्व्ह तापमान सुमारे ३ अंशांवर आले की आपोआप उघडून बॉयलर रिकामा करतो. सकाळी गाडीखाली सांडलेले पाणी पाहून अनेकांना ती गळती वाटते. तो पुन्हा बंद करता येण्यासाठी त्याच्या आसपासचे तापमान ७ अंशांच्या वर असावे लागते. रेषेत न गोठणारे द्रव भरायचे झाल्यास पिण्याच्या पाण्याच्या रेषेसाठीचे प्रॉपिलीन ग्लायकॉलच वापरावे. इंजिनच्या कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

चाचणी आणि स्वच्छता

प्रत्येक दुरुस्तीनंतर नवे जोड कागदाच्या पट्ट्यांसह एक तास दाबाखाली ठेवावेत. त्यानंतर टाकी निम्मी भरून गाडी खडबडीत रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर फिरवावी आणि पट्ट्या पुन्हा पाहाव्यात. उभ्या गाडीत घेतलेली चाचणी अर्धीच असते. फळ्या या दुसऱ्या तपासणीनंतर बसवाव्यात.

रेषा उघडली म्हणजे हातांची आणि दुकानातली घाण आत गेली. ५ टक्के तीव्रतेचे बिनवासाचे सोडियम हायपोक्लोराइट टाकीतील दर लिटर पाण्याला १ मिलि या प्रमाणात घातले की क्लोरीनचे प्रमाण लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम होते. म्हणजे ५० लिटरच्या टाकीला ५० मिलि. प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडावे, तासभर ठेवावे आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावे. स्टेनलेस स्टीलच्या बॉयलरमध्ये मात्र क्लोरीन साठू देऊ नये. तो बाजूला काढावा किंवा उत्पादकाने सांगितलेले क्लोरीनविरहित द्रव्य वापरावे.

रस्त्यात अडचण आली तर

सरळ पाइपला चीर गेली असेल तर सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा घ्यावा, तो लांबीत कापून ओढून धरत चिरेवर तीन-चार पदर गुंडाळावा आणि दोन टोकांना व मध्ये अशा तीन होज क्लिपा आवळाव्यात. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप सोबत असेल तर ती आणखी बरी, पण तीही कोरड्या पाइपवरच बसते. एम-सील ओल्या आणि दाबाखालील पाइपवर धरत नाही. जोडच तुटला असेल आणि पर्यायी सामान नसेल, तर त्या फांदीचा पाइप कापून त्याला बंद टोपी लावावी आणि बाकीची गाडी चालू ठेवावी. सोबतच्या डब्यात म्हणून आपल्या मापाचे दोन सरळ जोड, एक एल्बो, दोन बंद टोप्या, मीटरभर पाइप, सहा क्लिपा, ओ-रिंग, वॉशर, पंपाचा फ्यूज आणि कटर एवढे असावे. तात्पुरती पट्टी लावून पुढे जाताना थांबल्यावर पंपाचा स्विच बंद ठेवावा आणि पाणी हवे तेवढ्यापुरताच चालू करावा. मुक्कामाला पोचल्यावर चीर गेलेला भाग दोन्ही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जास्त कापून काढावा, कारण चिरेचे टोक डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेले असते, आणि नवा तुकडा दोन सरळ जोडांनी बसवावा.